अनुपस्थित सदस्य

शेवटचा साधा दिवस रविवार होता. बाबा व्हरांड्यात बसून घरातल्या सगळ्यांच्या चपला-बुटांना पॉलिश करत होते आणि सरकारची बाजू मांडत होते.

ही दोन्ही कामं ते एकाच वेळी करत. नागपूरच्या कोर्टात त्यांचं सगळं आयुष्य सरकारविरुद्ध लढण्यात गेलं, पण घरी ते फक्त सरकारी वकील असत. समोरच्याचा खटला आधी त्याच्यापेक्षा चांगला लढवायचा, हा त्यांचा नियम. शेजारी स्टुलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू करायचे आणि ब्रश चालवत, खरोखर तापून, 'मी' आणि 'माझं' म्हणत बोलायचे. नंतर ते ऐकत आणि त्यातली भोकं शोधत.

"माझं स्पष्ट मत आहे," त्या दिवशी ते आईच्या सँडलला सांगत होते, "की ज्या देशात पूल उडवले जातात तिथे अटकेचा काळ घड्याळावर मोजता येत नाही. मला माझ्या शेजाऱ्याचा जीव प्रिय आहे. तो वाचत असेल तर एखाद्याला चार महिने अंधारात ठेवताना माझा हात थरथरणार नाही."

"सरकार," आई आतून ओरडली, "सांबार संपला." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही."

"मग वरणावर सुरक्षाच टाकते आज."

बाबा हसले आणि त्यांनी फोन बंद केला. मी वाचत बसले होते. मान वर न करता विचारलं, "तुमचं उत्तर का नाही भरून ठेवत कधी?"

"उत्तर पाठ आहे, बाई. जे पटलेलं आहे त्याची तालीम कशाला?"

पिशवी घेऊन ते सांबार आणायला गेले.

त्या वेळी देशाचा कारभार सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे होता. जुनी राज्यघटना 'स्थगित' होती. आमच्या इंदोरा वस्तीत हा शब्द कुणी तोंडात घेत नसे. लोक म्हणत, 'कपाटात ठेवली आहे.' बाहेरच्या देशांनी व्यापार थांबवण्याची धमकी दिली, तेव्हा मंडळाने नवी घटना लिहिण्यासाठी एक सभा निवडून घेतली. तिच्यावर लक्ष ठेवायला परदेशी निरीक्षक आले. बाबा उभे राहिले आणि निवडून आले. वस्तीतल्या पुष्कळांना ते आवडलं नव्हतं. 'कपाटातली असताना दुसरी लिहायला बसता?' असं त्यांना तोंडावर विचारलं गेलं. बाबा म्हणाले, "ती बाहेर येईपर्यंत तिचं एक कलम तरी जिवंत ठेवतो."

ते कलम म्हणजे मसुद्यातलं नववं. अटक केलेल्या माणसाला एका दिवसाच्या आत न्यायालयापुढे उभं करावं, आणि तो कुठे आहे हे विचारण्याचा हक्क त्याच्या कुणाही माणसाला असावा. मंडळाला त्यात एक अपवाद हवा होता: सुरक्षेच्या कारणास्तव मंडळ ठरवील तो काळ वगळून. सोमवारी त्यावर चर्चा होती.

सोमवारी सकाळी बाबा चकचकीत बूट घालून सभेच्या गाडीत बसले. गाडी विधानभवनात पोचली. बाबा पोचले नाहीत. आम्ही ठाण्यात गेलो, मंडळाच्या कचेरीत गेलो, कोर्टात गेलो. सगळीकडून एकच उत्तर आलं: सदस्य अनुपस्थित आहेत.

पुढच्या काही महिन्यांत आणखी सदस्य अनुपस्थित झाले. गडचिरोलीचे, अमरावतीचे, मराठवाड्यातले. मग सभेत प्रतिमुखं आली.

प्रतिमुख हे काय आहे, हे मी तेव्हा मिळेल ते वाचून समजून घेतलं. भाषा शिकलेलं एक मोठं यंत्र आधीच तयार असतं. त्याने लाखो माणसांचं बोलणं पचवलेलं असतं. मग त्याला एकाच माणसाचं बोलणं पुन्हा पुन्हा दिलं जातं: भाषणं, फोन, निरोप, घरातल्या गप्पा. हळूहळू यंत्र इतरांना विसरल्यासारखं होतं आणि त्या एकाच्या वळणावर जातं. ते त्याची वाक्यं पाठ करत नाही. कुठल्या प्रश्नावर हा माणूस कुठे झुकेल, कशाने चिडेल, कशाने मऊ होईल, याचा अंदाज बांधायला शिकतं. त्याने पूर्वी दिलेली मतं झाकून ठेवून यंत्राला विचारतात. बहुतेक उत्तरं जुळली की ते प्रतिमुख म्हणून मान्य होतं आणि त्या सदस्याच्या खुर्चीवर एक पडदा आणि ध्वनिवर्धक बसवतात.

अनुपस्थित माणसालाही प्रतिनिधित्व मिळतं, असं मंडळाने निरीक्षकांना सांगितलं. निरीक्षकांनी एक अट घातली. सदस्य जिवंत असला पाहिजे. मेलेल्याची खुर्ची रिकामी धरायची, आणि एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या झाल्या तर सभाच बरखास्त करायची. सदस्य जिवंत आहे हे कुणी सांगायचं? जवळच्या नातेवाइकाने, वर्षातून एकदा, तोंडाने. सह्या खोट्या करता येतात म्हणून स्वतःच्या आवाजात, निरीक्षकांच्या समोर. पत्नीने किंवा सज्ञान अपत्याने. वाक्य ठरलेलं होतं: माझा माणूस अनुपस्थित आहे.

कुठली बायको दुसरं काही म्हणेल? मंडळाला हे नीट ठाऊक होतं. आमच्या आशेवर त्यांची सभा उभी होती.

पहिल्या वर्षी आईने ते वाक्य म्हटलं. मी शेजारी उभी होते.

नवव्या कलमाचं पहिलं वाचन आम्ही टीव्हीवर पाहिलं. पडद्यावर बाबांचा फोटो होता, आणि आवाज त्यांचाच. "माझं स्पष्ट मत आहे," आवाज म्हणाला, "की ज्या देशात पूल उडवले जातात..." सभागृहात टाळ्या वाजल्या. बाबांनी अपवादाच्या बाजूने मत दिलं.

आई टीव्हीला हात लावून उभी होती. "किती दिवसांनी ऐकला आवाज," ती म्हणाली. काय ऐकलं, हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

वस्तीपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी दारावरच्या पाटीतल्या 'ॲड. सुखदेव गजभिये' या नावाला डांबर फासलेलं होतं. विहारात आम्ही बसलो की शेजारच्या बाया पदर आवरून सरकत. किराणा दुकानदार मला ऐकू जाईल असा बोलला, "मोठ्ठा वकील! बसला जाऊन मंडळाच्या मांडीवर." मी त्याच्याकडून तूरडाळ घेतली आणि घरी आले. मी कुणाशी भांडले नाही. भांडायचं तर आवाज बाबांचा नाही असं म्हणावं लागलं असतं, आणि तो बाबांचाच होता.

मी प्रतिमुख कक्षात तक्रार केली. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात तो कक्ष होता. तिथल्या प्रमुख डॉ. मैथिली डहाके माझ्याच वयाच्या, नीटनेटक्या, आपल्या कामाचा अभिमान असलेल्या बाई होत्या.

"आम्ही एक शब्द बदललेला नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरातून जप्त केलेल्या फोनमधलं साहित्य आहे. वर्षानुवर्षांचं. ऐका." त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं. ब्रशचा आवाज येत होता. "हे तुमचेच वडील ना?"

"ते सरकारी वकिलाची भूमिका करत होते. तालीम होती ती."

"तसं ते कुठे म्हणतात? ते 'माझं मत' म्हणतात. आवाजातली तीव्रता बघा. खोटं बोलणाऱ्याचा आवाज असा चढत नाही."

"आणि कोर्टातली भाषणं? तिथे ते उलटं बोलत."

"कोर्टाची रेकॉर्डिंग्ज सुरक्षेसाठी बंद आहेत. आम्हाला मिळाली नाहीत." त्या जराशा हसल्या. "ताई, राग मानू नका. आईवडील घरी खरं बोलतात आणि बाहेर पोटासाठी. तुम्हाला तुमचे वडील माहीत नव्हते, असंही असू शकतं."

मी लेखी हरकत घेतली. नियमाप्रमाणे प्रतिमुखाविरुद्धची हरकत फक्त मूळ सदस्य घेऊ शकतो, आणि मूळ सदस्य अनुपस्थित असल्याने त्याच्या प्रतिमुखाला विचारण्यात आलं. प्रतिमुखाने आपली काही हरकत नसल्याचं कळवलं.

दर मंगळवारी नातेवाइकांना भेट मिळे. एका खोलीत दोन खुर्च्या आणि भिंतीवर पडदा. आई त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून मला घेऊन जाई.

"जेवले का?" ती विचारी.

"जेवलो. तुमचं काय चाललंय? उत्पल वाचतेच आहे का नुसती?" आवाज माझी चौकशी करी.

आणि मग तो खोकला.

पहिल्या भेटींत खोकला नव्हता. बाबांना खोकल्याची सवयच नव्हती. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये ब्रश आहे, कावळे आहेत, आईच्या हाका आहेत, खोकला नाही. दिवाळीच्या सुमारास तो आला, कोरडा, बोलण्याच्या मधेच. थंडी वाढली तसा तो खोल गेला आणि शेवटी एक शिट्टीसारखी धाप उमटू लागली. आई हादरली, पण तिचा चेहरा उजळला देखील. जो खोकतो तो आहे. कुठल्यातरी ओल्या जागी ठेवलाय, पण आहे. ती अडुळशाचा काढा करून बाटलीत भरून कक्षात देऊ लागली. तिथले लोक नम्रपणे बाटली घेत आणि पुढच्या मंगळवारी रिकामी, धुतलेली बाटली परत करत.

"घेता ना काढा?" आई पडद्याला विचारी.

"घेतो ना. कडू आहे, पण घेतो."

पुढच्या वर्षीच्या थंडीत, अशाच एका भेटीनंतर मी डॉ. डहाकेंना खोकल्याबद्दल विचारलं. त्या खुलल्या. "श्वास, अडखळणं, खोकला, हे सगळं यंत्र शिकतं. त्यानेच माणूस खरा वाटतो. तुमच्या वडिलांचं प्रतिमुख आमचं सर्वात चांगलं काम आहे."

"पण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खोकला नाही."

"नवं साहित्य येतं तसं आम्ही त्याला—" त्या थांबल्या. टेबलावरचं पेन त्यांनी सरळ केलं. "तुमची भेटीची वेळ संपली आहे."

म्हणजे बाबा त्यांच्याकडे होते. कुणीतरी त्यांना बोलायला लावत होतं आणि ते बोलणं इथे पोचत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी घरी येऊन मागच्या सगळ्या भेटी आठवत बसले. मागच्या जानेवारीपर्यंत खोकला दर आठवड्याला बदलत गेला होता. जानेवारीत तो एका जागी थांबला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पुन्हा थंडी आली. तोच खोकला, तितकाच खोल, शेवटी तीच धाप. खोकला एक तर बरा होतो, नाहीतर माणसाला घेऊन जातो. तो वर्षभर असा जागच्या जागी उभा राहत नाही.

दुसरं वार्षिक निवेदन शुक्रवारी होतं, आणि नवव्या कलमाचं अखेरचं मतदान त्याच्या पुढच्या आठवड्यात.

गुरुवारी आई गॅसपाशी काढा ढवळत होती.

"आई, उद्या मी बोलते. तू नको बोलू."

"काय बोलशील?"

मी रिकामी बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. तिला ते उत्तर पुरलं.

"काहून असं करून राहिली तू?" तिचा चमचा थांबला नाही. "त्यांनी मारलं नाही, तर तू मारून राहिली का?"

"खोकला ऐक, आई. नुसता खोकला. जानेवारीत कसा होता?"

"होता तसाच आहे."

"तेच म्हणते मी. तसाच कसा राहील?"

"काढ्यानं वाढला नाही," आई म्हणाली.

ती बाटली पुसत होती. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तू म्हटलं की ते बंद करतील. मंगळवारी मी कुठं जाऊ मग? जलदानाचा विधी करू, फोटोला हार घालू, लोकांना जेवायला वाढू? हे लोक येतील जेवायला? ज्यांनी डांबर फासलं ते?"

"त्यांना कळलं पाहिजे की तो बाबांचा शब्द नव्हता."

"तुला लोकांचं पडलं आहे."

"मला बाबांचं पडलं आहे."

"बाबाचं पडलं असतं तर वाट पाहिली असतीस," ती म्हणाली आणि दिवा मालवून आत गेली. त्या संध्याकाळी आम्ही दोघी जेवलो नाही.

शुक्रवारी विधानभवनाच्या बाहेरच्या दालनात सगळ्या अनुपस्थितांच्या घरची माणसं बाकांवर बसली होती. मी काय करणार आहे हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. आईनेच कुणापाशी तरी तोंड उघडलं असेल. गडचिरोलीच्या सदस्याची म्हातारी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पोरी, तुझा बाप मेला असंल तर घरी रड. इथं नको बोलू."

"का, आजी?"

"एकानं मेला म्हटलं का दुसऱ्याले विचारतीन. माह्या पोराचं काय सांगू मी? माह्यापाशी नाही खोकला-बिकला. माह्यापाशी तो नुसता आहे." तिने माझा दंड धरला. तिची पकड चांगली घट्ट होती. "तुह्या खऱ्यानं आमचे जिवंत मरतीन."

मी तिचा हात सोडवला नाही. तिनेच सोडला, आणि माझ्या पायाशी थुंकली.

आत एका लांब टेबलामागे मंडळाचे कर्नल भोसेकर बसले होते, बाजूला काचेमागे तीन निरीक्षक, आणि समोर बाबांचा पडदा. सदस्याबद्दल काही ठरत असेल तर सदस्याला हजर राहण्याचा हक्क होता. मंडळ हक्कांच्या बाबतीत फार काटेकोर होतं.

"या वहिनी," कर्नल आईला म्हणाले. "मागच्यासारखंच. एकच वाक्य."

आई माइकपाशी वाकली. पडद्याने घसा साफ केला. तोच खोकला आला, आणि शेवटी तीच धाप. आई तशीच वाकलेली राहिली. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटून ती ऐकत होती, भात शिजला का हे आवाजावरून ऐकावं तसं.

मग ती सरळ झाली. "पोरीला विचारा," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

"मला मृत्यूची नोंद करायची आहे," मी म्हणाले.

कर्नलच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बाई, शिकलेल्या दिसता. परिणाम माहीत असतील. शोधाचा अर्ज निकाली निघेल. भेटी बंद होतील. आणि उद्या वडील दारात येऊन उभे राहिले तर कायद्याने त्यांना ओळखता येणार नाही."

"माहीत आहे."

"तुमच्याकडे आधार काय?"

मी खोकल्याबद्दल सांगितलं. कधी आला, कसा वाढला, कधी थांबला. काचेमागे एका निरीक्षकाने कानातलं भाषांतराचं यंत्र दाबून धरलं. डॉ. डहाके भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"अध्यक्ष महोदय, माझी हरकत आहे," बाबांचा आवाज म्हणाला.

"बोला, गजभिये साहेब." कर्नल मागे टेकले.

"माझं स्पष्ट मत आहे की मृत्यू हा पुराव्याचा विषय आहे. शव नाही, साक्षीदार नाही, तारीख नाही. काय आहे? एका मुलीला आलेला कंटाळा. वाट पाहणं अवघड असतं, मी समजू शकतो. पण तिला सुटका हवी म्हणून एका माणसाचा हक्क काढून घ्यायचा का? जोवर मी मेलो हे सिद्ध होत नाही तोवर मी जिवंत आहे. संशयाचा फायदा आरोपीला देता, मला का नाही?"

युक्तिवाद उत्तम होता. बाबांनी तो याहून वेगळा केला नसता. क्षणभर मला वाटलं की ते कुठल्यातरी खोलीत खरंच बसलेले आहेत आणि मी त्यांच्यावर माती लोटते आहे.

"उत्पल," आवाज मऊ झाला, "विचार करून बोल, बाई. मी इथेच आहे."

आईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तिने मला थांबवलं नाही.

दोन वर्षं मला लोक विचारत होते आणि मी 'येतील' म्हणत होते. दुकानदाराला, विहारातल्या बायांना, ऑफिसात, आरशापुढे. एकटी असतानाही दुसरा शब्द तोंडातून निघू दिला नव्हता. मला वाटायचं, आपण तो उच्चारला नाही तोवर कुणाचा तरी हात थबकलेला राहील.

"नोंदीसाठी पूर्ण नाव घ्या," कर्नल म्हणाले, "आणि स्पष्ट बोला. आवाज तपासला जातो."

मी माइक जवळ ओढला.

"मी उत्पला सुखदेव गजभिये. माझे वडील, ॲडव्होकेट सुखदेव गजभिये, मेले आहेत. जानेवारीत मेले. ते तुमच्या ताब्यात होते आणि तुम्ही त्यांना मारलंत. बाबा गेले, आई. आपले बाबा गेले."